मंगळवारचा कागद

“तुम्हीच लिहिलंय की हे! तुमच्या हातानं! ‘आईनं शाळा सोड म्हटलं तर दारात पहिला आडवा मी पडेन’ — कुणी लिहिलंय मग? भुतानं?”

भाऊबीज होती. मी पाटावर. अक्कानं, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीनं, नुकतंच ओवाळलेलं. कपाळावरचा टिळा अजून ओला, हातात अर्धी करंजी. आणि माझी भाची ऋतुजा मधल्या दारात उभी राहून नवऱ्यावर ओरडत होती. अशी ओरडत होती की ताटातल्या चकल्यांचे काटे झडले. राजारामपुरीची ती अख्खी गल्ली गप्प झाली, समोरच्या माडीवरचा आकाशकंदील सुद्धा हलायचा थांबला. तिच्या हातात एक कागद होता. प्लास्टिकच्या पाकिटात घालून तीन वर्षं जपलेला. तो ती नवऱ्याच्या तोंडापुढं नाचवत होती.

अमर, आमचा जावई, खुर्चीत पुढं वाकून त्या कागदाकडं बघत होता. असा कागद त्यानं जन्मात पहिल्यांदाच बघितला होता. मग तो म्हणाला, “हे अक्षर माझं न्हाय.”

त्या खोलीत नऊ माणसं होती. तो खरं बोलतोय हे तो सोडून त्यातल्या एकालाच ठाऊक होतं. त्या एकानं काय केलं? करंजी खाल्ली.

मंडळी, हे मी आजवर —

न्हाय. मंडळी नको. मंडळी म्हटलं की माझा आवाज आपोआप चढतो आणि हात माईक शोधायला लागतो. तू एकटाच बस. एकटी असशील तर एकटी. हे मी बायकोला सांगितलेलं नाही, अक्काला नाही, देवापुढं उभा राहूनसुद्धा नाही. देवळातही मी दुसरंच काहीतरी बोलून परत येतो. तुला सांगतोय, कारण तू मला ओळखत नाहीस आणि मला हसून दाद देणार नाहीस. दाद मिळाली की मी बिघडतो.

माझा मांडव आणि लाऊडस्पीकरचा धंदा. तीस वर्षं झाली. लोक मला दिनकरमामा म्हणतात, ज्यांचा मी मामा नाही तेसुद्धा. माईक माझाच, म्हणून बोलणाराही मीच. बारसं असो, निवृत्तीचा सत्कार असो, दोन वक्त्यांच्या मधली जागा मी भरतो. महापुरात माझा जनरेटर वाहून गेला आणि चार दिवसांनी शिरोळला सापडला, तेव्हा तो चालूच होता आणि त्याच्यावरचा बल्ब जळत होता, ही गोष्ट मी इतक्यांदा सांगितलीय की शिरोळची माणसं मला येऊन सांगतात, व्हय, आम्ही बघितला. जनरेटर वाहून गेलाच नव्हता. तो मी आदल्या दिवशी मेव्हण्याच्या माडीवर चढवला होता. आता हे तरी आधी कुणाला सांगितलं होतं? बघ. सुरुवात झाली.

मग लग्नाच्या बोलणीला मला न्यायचे. पाव्हण्यांच्या घरात बैठक बसली, दोन्हीकडची माणसं चहाच्या कपात बघायला लागली, की कुणीतरी कोपरानं ढोसायचं, “मामा, बोला की.” आणि मी बोलायचो. पोराच्या हाताखाली चार माणसं असली तर चाळीस. पोरीला पोळ्या येत नसल्या तर ‘तिच्या हातची भाकरी म्हणजे!’ सगळ्यांना कळायचं की हा फुगवतोय. मलाही कळायचं. आमच्याकडं त्याला खोटं म्हणत नाहीत, बोलणं म्हणतात. खरं बोलणाऱ्याला बैठकीत पुढं बसवत नाहीत. आणि मग वर्षभरानं ‘असं कुठं ठरलं होतं’ म्हणून बोंबलायला सगळे मोकळे! मला राग येतो, तुला सांगतो. स्वतःचा तर येतोच, पण त्या कोपरानं ढोसणाऱ्यांचाही येतो. आणि तो येतो म्हणून मला बरंही वाटतं, याचा आणखी राग येतो.

असो. कागदावर येतो. येतोच आहे, पळत नाही.

आमच्या समाजाच्या मंडळाचं एक मंगल कार्यालय आहे. लागोपाठ दोन-चार लग्नं सहा महिन्यांत मोडली, तेव्हा मंडळानं नियम केला की लग्न ठरलेल्या जोडीनं विवाहपूर्व समुपदेशनाच्या दोन बैठका केल्याशिवाय कार्यालयाची तारीख मिळणार नाही. लोकांनी ते लस टोचून घेतल्यासारखं घेतलं. पहिला डोस, दुसरा डोस, प्रमाणपत्र, चला. पोरं बापाच्या मागं मान खाली घालून यायची, पोरी आईच्या पर्सकडं बघत. माईक माझा होता. म्हणून सुरुवातीला हसवायलाही मी, आणि कागदपत्रं गोळा करायलाही मीच.

शिकवायला शैला मॅडम. अंगानं काडी, आवाज एवढा हळू की माझा साडेतीनशे वॅटचा स्पीकरही कान पुढं करायचा. पहिल्याच दिवशी माझं भाषण संपल्यावर त्या मला बाजूला घेऊन म्हणाल्या, “मामा, तुम्ही छान हसवता. पण मला यांना थोडा वेळ गप्प बसवायचं असतं.” मी तेही पुढच्या भाषणात विनोद म्हणून सांगितलं. लोक हसले. मॅडमही हसल्या, पण तोंडानंच.

त्यांची एक पद्धत होती. पहिल्या बैठकीत पोरगा आणि पोरगी वेगवेगळ्या खोल्यांत बसायचे आणि एक-एक कागद लिहायचे. प्रश्न दोनच. पहिला: लग्नानंतरच्या एका साध्या मंगळवारचं वर्णन करा. सण नाही, पाहुणे नाहीत, वाढदिवस नाही. उठल्यापासून झोपेपर्यंत. दुसरा: तुमच्या घरच्यांचं आणि तुमच्या जोडीदाराचं पटलं नाही तर तुम्ही काय कराल? काय करायला हवं ते लिहू नका. काय कराल ते लिहा.

मग कागद पाकिटात, पाकिटाला डिंक. ते पाकीट मी दुसऱ्या बाजूला पोचवायचं. आठ दिवस ज्यानं त्यानं एकट्यानं वाचायचं आणि दुसऱ्या बैठकीत मॅडमपुढं बसून त्यावर बोलायचं.

काय काय लिहायची पोरं! काही जण स्वतःच मला वाचून दाखवायचे, हौसेनं. एकानं मंगळवार म्हणून सकाळी पोहे, दुपारी आमटी-भात, संध्याकाळी भजी, रात्री पिठलं एवढंच लिहिलं. त्यात बायको कुठंच नव्हती, भजी कुणी तळली कुणास ठाऊक. एका पोरीनं लिहिलं की नवरा कामावरून येताना रोज गजरा आणेल. रोज! मंगळवारी, बुधवारी, आयुष्यभर. बहुतेकांच्या मंगळवारी रंकाळ्यावर फिरणं असायचं आणि भांडण कुणाच्याच नसायचं. मोबाईलवर दुसऱ्यांची लग्नं बघून बघून यांना लग्न म्हणजे फोटोंची रांग वाटायची. आणि दोन फोटोंच्या मधला वेळ? तो मॅडम विचारत होत्या. तो कुणालाच लिहिता येत नव्हता.

एकाला आला.

ऋतुजा तेव्हा अठ्ठावीसची. शाळेत गणित शिकवायची, सातवी-आठवीला. सहा स्थळं मोडलेली. पोरगी रूपानं, शिक्षणानं कशात कमी नव्हती, पण बघायला आलेल्या प्रत्येकाला ती चहा देताना एकच विचारायची, “शाळा चालू राहील ना?” पोरगा म्हणायचा, “बघू की.” आणि ही आत जाऊन सांगायची, “नको.” दाजी, म्हणजे तिचे वडील, कपाळाला हात लावून बसायचे. अक्का माझ्याकडं बघायची. सातवं स्थळ मी आणलं. अमर. आजऱ्याकडचा, शिरोली एमआयडीसीत फाउंड्रीत भट्टीवर कामाला. वडील लवकर गेलेले. आईनं काजूच्या कारखान्यात काजू फोडून वाढवलेला, आता त्याच्याजवळ शिरोलीला राहायला आलेली. पोरगा कमी बोलायचा, म्हणून बैठकीत त्याच्या वाटणीचंही मीच बोललो. ऋतुजानं शाळेचं विचारलं तेव्हा तो तोंड उघडणार तेवढ्यात मी म्हणालो, “शाळा? अगं, ह्यो तुला रोज गाडीवरनं सोडायला येईल!” त्यानं उघडलेलं तोंड मिटलं. मी बघितलं होतं. नाही बघितलं असं म्हणू शकत नाही.

मग बैठक, मग कागद. दोन पाकिटं माझ्या पिशवीत. दुसऱ्यांची मी कधी फोडली नव्हती — यावर विश्वास ठेव किंवा ठेवू नकोस. हे फोडलं. गोडाउनमध्ये चहाच्या किटलीची वाफ दिली, डिंक सुटला.

अमरचा कागद माझ्याकडं अजून आहे. ॲम्प्लिफायरच्या पेटीत, तळाशी, गुंडाळलेल्या वायरींच्या खाली. आत्ता समोर आहे. यात मी काडीचं फुगवत नाही:

“मंगळवारी पहिली पाळी असली तर मी साडेपाचला घर सोडतो. दुसरी असली तर आपली भेट होणार नाही. भट्टीवरून आलो की तासभर मला बोलवत नाही. तो राग नसतो.

दुसरा प्रश्न. आईच्या बोटांची कातडी काजूच्या तेलानं गेली आहे. तिच्यापुढं मी कधी तोंड उघडलं नाही. ती तुम्हाला शाळा सोडा म्हणाली तर मी गप्प बसेन असं मला वाटतं. हे चूक आहे ते कळतं. बदलायचं आहे. पण बदललो नाही तोवर बदललो असं लिहू शकत नाही. आमच्यात लोखंड ओतायच्या आधी नमुना काढून तपासतात. नमुना बरोबर नसला तर ओतत नाहीत. म्हणून लिहिलं. तुम्ही नको म्हणालात तर मी वाईट वाटून घेणार नाही.”

संपलं. एवढंच.

मला काय वाटलं सांगू? भडकलो. गोडाउनमध्ये एकटा, हातात किटली, आणि त्या कागदावर ओरडत होतो. असलं कुणी लिहितं? लग्न ठरल्यावर? मी एवढं रचून ठेवलं आणि हा मूर्ख चार ओळींत पाडतोय! ऋतुजा हे वाचेल आणि आत जाऊन ‘नको’ म्हणेल. सातव्यांदा.

आता इथं मला म्हणता येईल की मी बहिणीचा विचार केला. अक्काची झोप गेली होती, दाजींचं दुखणं वाढलं होतं. खरं आहे सगळं. पण किटली खाली ठेवताना माझ्या डोक्यात त्यातलं काही नव्हतं. डोक्यात एकच होतं, की लोक म्हणतील दिनकरमामानं जमवलेलं मोडलं.

मॅडमकडचा कोरा कागद पिशवीत होताच. माझं अक्षर उजवीकडं पळतं, ते मी उभं केलं. आणि लिहिलं.

मंगळवारचा पहिला चहा मी करणार, लिहिलं. तुमच्या वह्या तपासायच्या असतील तेव्हा मी समोर बसून कांदा चिरीन, पण वह्यांवर पाणी पडू देणार नाही. शाळेतून आल्यावर अर्धा तास तुम्हाला कुणी काही विचारायचं नाही, अशी पाटी मी दारावर लावीन. हे मला कुठून सुचलं? ऋतुजाच्या पाकिटातून. तेही फोडलं होतं. त्यात तिनं लिहिलं होतं की घरी आल्यावर अर्धा तास मला कुणी काही विचारू नये. आणि दुसऱ्या प्रश्नाला मी लिहिलं: आई माझी आहे, पण शाळा तुमची आहे. आईनं शाळा सोड म्हटलं तर दारात पहिला आडवा मी पडेन.

तीनदा लिहून काढलं. आणि सगळ्यात वाईट गोष्ट ही, जी सांगायला मला एवढा वेळ लागला — मला मजा आली. इतकी मजा मला माईकवर कधी आली नव्हती. कांद्याची ओळ जमली तेव्हा मी एकटाच मांडीवर थाप मारून हसलो.

चार दिवसांनी ऋतुजा गोडाउनमध्ये आली. शाळेतून तशीच, हाताला खडू. खांबांच्या ढिगावर बसली आणि तिनं तो कागद मला वाचून दाखवला. पूर्ण. माझाच कागद, माझ्या भाचीच्या तोंडून. कांद्यापाशी ती थांबली आणि म्हणाली, “मामा, इतका बारीक विचार करणारा माणूस असतो?” तिचे डोळे भरले होते. मी काय म्हणालो असेन? “मग! मामानं शोधलाय.”

दुसरी बैठक झाली असती तर सगळं तिथंच उघडं पडलं असतं. दोघं मॅडमपुढं कागद घेऊन बसले असते. म्हणून ती मी होऊ दिली नाही. दोन्ही घरी सांगितलं, मुहूर्त जवळ आलाय, कागद वाचला की काम झालं. मॅडमना फोनवर सांगितलं, दोघं खूश हायत, वेळ न्हाय. त्यांनी विचारलं, “कागदावर बोलले का एकमेकांशी?” मी म्हणालो, तासन्‌तास. प्रमाणपत्र मिळालं. मीच आणून दिलं.

लग्नात मी मामा म्हणून नवरीच्या मागं उभा होतो. अक्षता पडल्या, जेवणं झाली, आणि गर्दीतून अमर माझ्यापाशी आला. शेरवानीत घामाघूम. तो कधी आपणहून बोलायचा नाही. त्या दिवशी बोलला. “मामा, तिनं माझा कागद वाचला आणि तरी व्हय म्हणाली. मला वाटलं नव्हतं.”

कळतंय का तुला मी काय केलं होतं? हे मला त्या क्षणी कळलं. तोवर खरंच कळलं नव्हतं. मी फक्त तिला फसवलंय असं धरून चाललो होतो. तिला खोटा माणूस दिला, ठीक, निभावून जाईल. पण या पोराला वाटत होतं की जगात एक माणूस असं भेटलंय ज्याला त्याची सगळ्यात मोठी उणीव माहीत आहे आणि तरी ते त्याच्याजवळ आलंय. तो त्यावर उभा होता. आणि खाली काही नव्हतं, मी होतो. त्या वेळी सांगितलं असतं तर? मंगळसूत्र घालून तास झाला होता, तरी सांगितलं असतं तर? मी त्याच्या पाठीवर थाप मारली आणि म्हणालो, “जावईबापू, कागद सोडा, आता रोजचा पेपर सुरू!” आसपासचे सगळे हसले.

दोन वर्षं बरी गेली म्हणे. तिला वाटायचं, हा दमतो म्हणून चहा करत नाही. त्याला वाटायचं, हिला माहीत आहे मी गप्प का असतो. दोघंही एकमेकांना समजून घेत होते, पण वेगवेगळ्या कागदांवरून. मग त्याची आई न्हाणीत घसरून पडली, खुब्याचं हाड गेलं. अंथरुणातून म्हणाली, “आता शाळा बास झाली.” ऋतुजानं नवऱ्याकडं बघितलं. तो गप्प बसला. त्यानं लिहिलं होतं तसाच. त्याला वाटत होतं की तिला हे ठाऊक आहे, ती हे धरूनच आली आहे, आता ती आपल्याला वेळ देईल, धीर देईल. तिला वाटलं, दारात पहिला आडवा पडणारा माणूस भिंतीकडं बघतोय. जूनमध्ये तिनं राजीनामा दिला. तिच्या टेबलावरच्या वह्या मीच टेम्पोतून आणल्या.

आणि मग ती भाऊबीज.

“हे अक्षर माझं न्हाय,” अमर म्हणाला. पुन्हा म्हणाला. आवाज न चढवता. “मी हे लिहिलेलं न्हाय, ऋतुजा. मी दुसरं लिहिलं हुतं.”

“दुसरं? काय दुसरं?” ती हसली, आणि ते हसणं ओरडण्यापेक्षा वाईट होतं. “दोन कागद लिहिलेलं काय तुम्ही? एक खरा, एक दाखवायचा?”

दाजी उठले. टीव्हीच्या फळीवरचं पेन घेतलं, कॅलेंडरचं मागचं पान फाडलं आणि दोन्ही जावयापुढं धरलं. “घ्या. लिवा हितं एक वळ. आत्ता कळंल.”

अमरनं पेन घेतलं. टोपण काढलं. त्याच्या चेहऱ्यावर काय आलं ते मी विसरू शकत नाही. सुटका होती ती. एक ओळ लिहायची, बस. पेनाचं टोक कागदाला टेकलं होतं. त्यानंतर सगळ्यांच्या माना वळल्या असत्या. पोस्टमन कोण होता? पाकिटं कुणाच्या पिशवीत होती?

आणि मी बोललो. पाटावरून, टिळा लावलेल्या कपाळानं, माईकवरच्या आवाजात. “काय दाजी! भाऊबिजेला जावयाला पाटी-पेन्सिल? उद्या बाराखडी म्हणून घेशीला! त्यापेक्षा बाकावर उभं करा आन्‌ शाळेतनं हेडमास्तर बोलवा!”

हसले. सगळे हसले, कारण सगळ्यांना त्या खोलीतून बाहेर पडायचं होतं आणि मी दार उघडलं होतं. दाजीसुद्धा हसले आणि त्यांनी कॅलेंडरचं पान चुरगळलं. अक्का पदर तोंडाला लावून हसली. हसा! अजून हसा! तीस वर्षं तुम्ही मला हसून हसूनच तर असं करून ठेवलंय! ऋतुजा नव्हती हसली. ती खाली बसली होती. अमरनं पेनाला टोपण लावलं, उठून ते पेन फळीवर होतं तिथं नीट ठेवलं आणि परत खुर्चीत बसला.

एवढ्यावर थांबलो असतो तर भित्रा म्हणून सुटलो असतो. थांबलो नाही. हसू ओसरलं तसं मी आवाज गंभीर केला. तोही मला येतो. आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालो, “पण एक सांगतो जावईबापू, लिहून दिल्यालं तरी पाळावं माणसानं.”

मी म्हणालो. मी.

ऋतुजा महिनाभर अक्काकडं राहिली, मग गेली शिरोलीला. आता घरीच चार शिकवण्या घेते. तो कागद परत कधी काढला नाही म्हणे. प्लास्टिकचं पाकीट तेवढं कपाटात आहे. समाजात अमरला ‘लिहून फिरलेला जावई’ म्हणतात. कार्यक्रमात त्याला बघितलं की कुणीतरी म्हणतं, “सही करून घ्या रे ह्याची.” ती मस्करी पहिल्यांदा कुणी केली विचारू नकोस. मॅडमनी ते समुपदेशन सोडलं. मंडळ आता जोड्यांना दोन्ही बैठका एकाच दिवशी उरकू देतं, आणि कागदांऐवजी माझं भाषण असतं. पाऊण तासाचं.

दोन्ही कागदांतला खरा माझ्याकडं आहे. शिरोली इथून गाडीवर वीस मिनिटं. मी गेलेलो नाही. अजूनही गेलेलो नाही.

त्या दिवशी जेवणं झाल्यावर अमर एकटाच निघाला. मी मागून खाली उतरलो, टिळा वाळून कपाळावर ताणत होता. तो गाडीला किल्ली लावत होता. मला खात्री करून घ्यायची होती. याला संशय आलाय का, एवढंच बघायचं होतं, म्हणून उतरलो. मी त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणालो, “जावईबापू, मनाला लावून घेऊ नका. तीन वरसं झाली की. लिवलं असशीला आन्‌ इसरला असशीला. हुतं असं.”

त्यानं हेल्मेट घातलं, पट्टा लावला, माझ्याकडं बघितलं.

“असंल, मामा,” तो म्हणाला. “मीच लिवलं असंल.”